दुर्बिणीला मोबाईल लावून फोटो : नाशिककरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिवाळा लागला की नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यातल्या मनोऱ्यांवरून आणि आकाश मोकळं झालं की इंदिरानगर, गंगापूर रोडच्या गच्च्यांवरून तेच ते प्रश्न येऊ लागतात. ते इथे एका जागी ठेवले आहेत. सुरुवातीचे प्रश्न नवख्यांचे, पुढचे अडलेल्यांचे. एकच गोष्ट दोनदा सांगायला नको म्हणून मध्ये मध्ये प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हा अडॅप्टर म्हणजे नक्की काय? त्यात भिंग असतं का?

नसतं. अडॅप्टर म्हणजे निव्वळ पकड. त्याची एक बाजू दुर्बिणीच्या आयपीसला (डोळा लावायच्या भिंगाच्या नळीला) आवळायची, दुसऱ्या बाजूला मोबाईल बसवायचा. एरवी जिथे डोळा लावतो तिथे मोबाईलचा कॅमेरा येतो, बस. दुर्बिणीतून बाहेर पडणारे किरण जवळपास समांतर असतात, म्हणून मोबाईलला वाटतं की आपण फार लांबचं काहीतरी बघतोय आणि तो त्याप्रमाणे फोकस करतो. म्हणजे अडॅप्टरने चित्र सुधारत नाही. दुर्बीण जे दाखवते तेच मिळतं, फक्त एक तिसरा हात मिळतो.

मोबाईलवर चिमट्याने लावायच्या ‘झूम लेन्स’ बाजारात मिळतात, त्या वेगळ्या. त्यांचा इथे संबंध नाही.

२. मग अडॅप्टरशिवाय, मोबाईल नुसता हाताने धरून फोटो येणारच नाही का?

येतो की. चंद्राचा तर नक्की येतो. पैसे घालवण्याआधी तसा एकदा काढून बघाच, म्हणजे आपल्याला हा नाद लागणार की नाही ते कळेल.

हात का पुरत नाही, हे मात्र समजून घ्या. आयपीस डोळ्यापासून वीतभर लांब धरून उजेडाकडे रोखलात तर त्यात प्रकाशाची एक छोटी गोल चकती दिसते. दुर्बिणीतला सगळा प्रकाश त्या चकतीतून बाहेर येतो. तिचा व्यास काढणं सोपं आहे : पुढच्या भिंगाचा व्यास भागिले मोठेपणा. १०×५० ची (मोठेपणा १० पट, पुढचं भिंग ५० मिमी) चकती ५ मिमी, ८×४२ ची सव्वापाच. ७० मिमीच्या टेलिस्कोपवर १०० पट मोठेपणा लावलात तर अवघी ०.७ मिमी. मोबाईलचं भिंग बरोबर त्या चकतीवर, ठरावीक अंतरावर आणि न तिरपता धरायचं असतं. पाच मिमीला हात जमवून घेतो, पाऊण मिमीला नाही.

३. माझ्याकडे टेलिस्कोप नाही, फक्त बायनॉक्युलर आहे. चालेल का?

चालेल. दोन नळ्यांपैकी एकीलाच मोबाईल लागतो. ८×४२ आणि १०×५० सगळ्यांत सोयीच्या. खिशात मावणाऱ्या ८×२१ सारख्या दुर्बिणींवर चकती अडीच मिमीच्या आसपास येते, त्यामुळे बसवणं किचकट होतं आणि प्रकाशही कमी मिळतो.

अपेक्षा मात्र बेताच्या ठेवा. मोबाईलचा मुख्य कॅमेरा मोठ्या कॅमेऱ्याच्या साधारण २४ ते २६ मिमी नाभीय अंतराच्या लेन्सएवढं दृश्य घेतो. दहा पट दुर्बीण लावली की ते २५० मिमीच्या आसपास जातं. नांदूरमध्यमेश्वरला बंधाऱ्याच्या पलीकडच्या काठावरचं बदक यात ठिपकाच राहील. मनोऱ्याजवळच्या पाणवनस्पतींत फिरणारी जांभळी पाणकोंबडी मात्र छान येईल.

दुर्बीण ट्रायपॉडवर कशी लावायची, हा पुढचा प्रश्न ठरलेलाच. दोन नळ्या जिथे जोडल्या आहेत त्या बिजागरीच्या पुढच्या टोकाला बऱ्याच मॉडेलमध्ये एक टोपण असतं. ते फिरवून काढलं की आत आटे दिसतात, त्यात एल आकाराचा ब्रॅकेट बसतो. कित्येकांना आपल्या दुर्बिणीला हे टोपण आहे हेच ठाऊक नसतं. आटे नसतील तर वाळूने अर्धी भरलेली कापडी पिशवी कठड्यावर ठेवा आणि तिच्यात दुर्बीण रुतवा. दिसायला गावठी, पण कामाला चोख.

४. अडॅप्टर घेताना काय काय तपासायचं?

सगळ्यांत आधी आयपीसचा बाहेरचा व्यास. आयपीसच्या रबराखालच्या भागाला सुतळीचा एक वेढा द्या, ती पट्टीवर मोजा आणि ३.१४ ने भागा. हा आकडा अडॅप्टरच्या मर्यादेत बसला पाहिजे, आणि अगदी टोकाला नव्हे, थोडा आत. मर्यादेच्या काठावर बसणारी पकड थंडीत, उन्हात घसरते. बायनॉक्युलर असेल तर दोन नळ्यांमधली फटही बघा, पकडीचे जबडे तिथे मावले पाहिजेत.

मग मोबाईल. वजन किती, कॅमेऱ्याचा उंचवटा किती आणि कडेची बटणं कुठे आहेत, ते पाहा. स्वस्त अडॅप्टरचे जबडे नेमके पॉवर किंवा आवाजाच्या बटणावर येतात. मग मोबाईल आपोआप बंद होतो नाहीतर धडाधड फोटो काढत सुटतो. जाड कव्हर काढूनच बसवा.

अडॅप्टर दोन जातींचे. एक ‘कुठलाही मोबाईल, कुठलंही आयपीस’ असा सर्वसमावेशक. यात मोबाईल आडवा-उभा सरकवायला स्क्रू असतात. सेलेस्ट्रॉनचा नेक्स-वायझेड याच जातीचा, पण त्यात तिन्ही दिशांना वेगवेगळे नॉब फिरवून जुळवता येतं. दुसरी जात ठरावीक मोबाईलच्या कव्हरवर आणि ठरावीक आयपीसच्या कड्यावर बेतलेली. ही क्षणात बसते आणि पक्षी बघणाऱ्यांसाठी तीच बरी, कारण पक्षी आपल्यासाठी थांबत नाही. तोटा एवढाच की मोबाईल बदलला की कव्हरही बदलावं लागतं. चंद्र-ग्रह बघणाऱ्यांनी सर्वसमावेशक घ्यावा. त्यांना घाई नसते.

५. किती खर्च करावा?

अडॅप्टर काही शेकड्यांपासून काही हजारांपर्यंत मिळतो. पण हातात ठरावीकच रक्कम असेल तर ती आधी ट्रायपॉडवर घाला, आणि त्यातही डोक्यावर, म्हणजे जिथून दुर्बीण फिरते त्या भागावर. उत्तम अडॅप्टर लटपटत्या ट्रायपॉडवर वाया जातो. घट्ट ट्रायपॉडवर साधा अडॅप्टरही निभावून नेतो, आणि तो तर घरीही करता येतो (प्र. १९).

६. मोबाईलच्या मागे तीन-चार कॅमेरे आहेत. आयपीससमोर कोणता आणायचा?

मुख्य कॅमेरा, ज्याला ॲपमध्ये ‘१×’ लिहिलेलं असतं. तो कोणता ते ओळखायला १× वर ठेवून एकेका भिंगावर बोट टेकवा. ज्यावर बोट ठेवल्यावर पडदा काळा होतो तो.

खरी गंमत पुढे आहे. मोबाईल स्वतःच्या मर्जीने कॅमेरा बदलतो. समोर काहीतरी जवळ आहे असं त्याला वाटलं की तो मॅक्रोसाठी, म्हणजे अगदी जवळच्या फोटोसाठी, रुंद कॅमेऱ्यावर उडी मारतो, झूम केलं की टेलीवर, म्हणजे लांबचं जवळ आणणाऱ्या कॅमेऱ्यावर. तुमचं आयपीस एकाच भिंगासमोर असतं, त्यामुळे पडदा अचानक काळा होतो आणि लोकांना वाटतं अडॅप्टर हलला. सेटिंगमध्ये आपोआप मॅक्रो बंद करा. प्रो मोड (सगळं आपण हाताने ठरवायचा मोड) असेल तर तो वापरा, त्यात बहुतेक मोबाईल कॅमेरा बदलत नाहीत. अँड्रॉइडवर ओपन कॅमेरा हे फुकट ॲपही कामाचं आहे.

टेली कॅमेरा आयपीसवर लावला तर? दिवसा चालतो आणि काळी कडही कमी येते. पण अंधार पडला की कित्येक मोबाईल टेलीचं बटण दाबलेलं असूनही मुख्य कॅमेऱ्याचंच चित्र कापून दाखवतात. म्हणून रात्री त्याच्या नादी लागू नका.

७. फोटोत मधोमध गोल चित्र येतं आणि भोवती सगळं काळं. अडॅप्टर खराब निघाला का?

नाही. मोबाईलचा कॅमेरा आयपीसपेक्षा जास्त रुंद बघतो, म्हणून त्याला आयपीसची कडही दिसते. काळं सगळीकडून सारखं असेल तर बसवणं बरोबर आहे. मोबाईलवर दीड ते दोन पट झूम करा, कड चौकटीबाहेर जाईल. गोल फारच लहान असेल तर मोबाईल लांब राहिलाय. आयपीसचं रबर दुमडा किंवा फिरवून खाली करा. चष्मेवाले जसं करतात तसंच.

काळं एकाच बाजूला असेल, किंवा मोबाईल किंचित हलला की काळी सावली चित्रभर फिरत असेल, तर मध्य चुकलाय. त्यासाठी पुढचा प्रश्न वाचा.

८. दर वेळी जुळवण्यात निम्मा वेळ जातो, तोवर पक्षी उडून जातो. सोपी पद्धत सांगा.

जुळवणं घरी, दिवसाउजेडी करायचं. टेलिस्कोपमधून आयपीस काढून घ्या आणि टेबलावर बसा. अडॅप्टरची पकड आयपीसवर आवळा. मोबाईल बसवून कॅमेरा सुरू करा आणि आयपीसचं खालचं तोंड खिडकीकडे किंवा पांढऱ्या भिंतीकडे धरा. पडद्यावर उजळ गोल दिसेल. आता आडवा स्क्रू थोडा सैल करा, गोल डावी-उजवीकडून मधे आणा, घट्ट करा. मग उभा. आवळताना गोल थोडा सरकतोच, म्हणून तो मुद्दाम किंचित अलीकडे ठेवून आवळायचा. दोन-तीनदा केलं की किती अलीकडे ते बोटांना कळतं. शेवटी गोलाची कड सगळीकडून सारखी धारदार दिसते का बघा. एका बाजूची कड पुसट असेल तर मोबाईल तिरपा बसलाय.

मध्य जुळला की अडॅप्टरच्या पट्ट्यांवर मार्करने खुणा करा. पुढच्या वेळी थेट खुणेवर.

मग हे सगळं गाठोडं तसंच्या तसं टेलिस्कोपमध्ये सरकवायचं. आधी दुसऱ्या आयपीसमधून डोळ्याने वस्तू मधोमध आणून ठेवा, नाहीतर मोबाईलच्या पडद्यावर चंद्र शोधण्यातच रात्र जाते. बायनॉक्युलरचं आयपीस निघत नाही. तिथे दुर्बीणच खिडकीकडे रोखून हेच करा.

९. डोळ्याला एकदम स्पष्ट दिसतं, पण फोटो धूसर येतो. का?

चार कारणं, आणि बहुतेक वेळा पहिलं किंवा दुसरं.

थरथर : पडद्यावर बोट टेकलं की दुर्बीण हलते. तीन सेकंदांचा टायमर लावा, किंवा वायरचा इअरफोन जोडून त्याच्या आवाजाच्या बटणाने फोटो काढा; बऱ्याच मोबाईलमध्ये हे चालतं. ब्लूटूथचं छोटं रिमोटही मिळतं.

फोकस : आधी दुर्बिणीचं चाक फिरवून मोबाईलच्या पडद्यावर स्पष्ट करा, डोळ्याने केलेल्यावर विसंबू नका. मग वस्तूवर बोट दाबून धरा म्हणजे फोकस आणि उजेड दोन्ही कुलूपबंद होतात. प्रो मोडमध्ये फोकस हाताने अनंतावर ठेवता आला तर फारच छान.

मळ : मोबाईलच्या भिंगावर दिवसभराचे बोटांचे ठसे असतात. पुसा.

हवा : हिच्यावर इलाज नाही, फक्त वेळ बदलायची. पुढे वाचा.

१०. नांदूरमध्यमेश्वरला किती वाजता जावं? आम्ही अकराला पोचलो, सगळे फोटो वितळल्यासारखे आले.

अकराला तसंच येणार. गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळच्या बंधाऱ्यामागे साचलेलं उथळ पाणी, गाळ आणि भोवतीची शेतं ऊन चढलं की वेगवेगळी तापतात आणि पाण्यालगतची हवा हलायला लागते. डोळा ते खपवून घेतो, पन्नास पटीने मोठं केलेला फोटो नाही. तिथे महागडा स्पॉटिंग स्कोपही (पक्षी बघायची एकनळी दुर्बीण) हरतो. उजाडल्यापासून साधारण दोन-अडीच तास आणि मग संध्याकाळचा शेवटचा तास, एवढीच कामाची वेळ. दुपारी लांबच्या पक्ष्यांचा नाद सोडा आणि काठाजवळचे घ्या. मधली हवा जितकी कमी तितका फोटो बरा.

सकाळची वेगळी अडचण म्हणजे निफाडची थंडी. डिसेंबर-जानेवारीत राज्यातलं नीचांकी तापमान बऱ्याचदा याच तालुक्यात नोंदवलं जातं. उघड्यावर दुर्बीण गारठली की पुढच्या भिंगावर दव धरतं, आणि आयपीस व मोबाईलच्या मधल्या फटीत तुमचा श्वास जाऊन तिथेही. उबदार दुर्बिणीच्या आतलीही हवा हलते, म्हणून सामान पोचल्या पोचल्या पिशवीतून काढून गार होऊ द्या. दव पुसू नका, वाळू द्या. थंडीत मोबाईलची बॅटरीही भरभर उतरते. पॉवरबँक शर्टाच्या आतल्या खिशात ठेवा.

अभयारण्याला १९८६ साली दर्जा मिळाला आणि जानेवारी २०२० मध्ये ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) ठरलं. चापडगावच्या बाजूने प्रवेश आहे, निरीक्षण मनोरे आहेत. मनोऱ्यावर एक सांभाळा : चारजण चालले की फळी हलते आणि स्कोपमध्ये भूकंप होतो. जमिनीवर, काठालगत ट्रायपॉडचे पाय आखूड करून बसलात तर फोटो जास्त स्थिर येतात आणि पक्षी डोळ्यांच्या पातळीवर दिसतो. सूर्य पाठीशी घ्या. सुरुवातीला वारकरी, चमच्या, शराटी असे सावकाश चरणारे पक्षी निवडा. सारखी बुडी मारणाऱ्या टिबुकलीवर हात बसायला वेळ लागतो.

११. उडणारा पक्षी जमतो का?

या साधनाने नाही. मोबाईलचा पडदा थोडा उशिरा दाखवतो आणि स्कोपचं दृश्य अरुंद असतं. फारच हौस असेल तर व्हिडिओ चालू ठेवा आणि पक्षी उडायची वाट बघा. उड्डाणाची पहिली झेप मिळून जाते.

१२. अंजनेरीच्या कड्यावरच्या गिधाडांचे फोटो काढलेले चालतात का?

लांबून, हो. उलट स्कोप-मोबाईलचा खरा फायदा इथेच आहे, कड्याच्या जवळ जायची गरजच पडत नाही. लांब चोचीची गिधाडं अतिसंकटग्रस्त आहेत आणि हिवाळ्यात ती घरट्यावर असतात. माथ्यावरून कड्याच्या टोकाशी जाऊन खाली डोकावू नका. माणूस वर दिसला की पक्षी घरटं सोडतो आणि अंडं किंवा पिल्लू उघडं पडतं. पायथ्याच्या वाटेवरून, झाडाच्या आडोशाने काढा. ड्रोन अजिबात नको. फोटो टाकताना घरट्याची नेमकी जागा सांगू नका आणि मोबाईलमधलं लोकेशन बंद करा, ते फोटोच्या पोटात नोंदलं जातं हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

१३. चंद्र नुसता पांढराफटक गोळा येतो. खड्डे कुठे जातात?

चौकटीत काळं आकाश जास्त असतं, मोबाईल ते उजळवायला जातो आणि चंद्र जळतो. चंद्रावर बोट दाबून धरा आणि बाजूला येणारी सूर्याची खूण खाली ओढा, खड्डे दिसेपर्यंत. प्रो मोड असेल तर आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) ५० ते १००, शटर (प्रकाश घ्यायचा वेळ) १/२५० सेकंदापासून सुरू करून कमी-जास्त करा. नाइट मोड बंद. चंद्र म्हणजे उन्हात पडलेला खडक आहे; त्याला रात्रीचं सेटिंग लागत नाही.

याला अपवाद खग्रास चंद्रग्रहणाचा. पूर्ण सावलीत गेलेला चंद्र हजारो पटींनी मंद होतो आणि तेव्हा वरचं सगळं उलटं करावं लागतं : आयएसओ ८०० च्या पुढे, शटर अर्धा-एक सेकंद, आणि मोठेपणा कमी. ३१ डिसेंबर २०२८ च्या रात्री आपल्याकडून असं ग्रहण दिसणार आहे. थर्टीफर्स्टच्या पार्टीवाल्यांनी ट्रायपॉड गच्चीवर आधीच नेऊन ठेवावा.

१४. पौर्णिमेचा चंद्र सगळ्यांत चांगला ना?

फोटोसाठी सगळ्यांत वाईट. पौर्णिमेला सूर्य चंद्राच्या समोरून असतो, सावल्याच पडत नाहीत, सगळं सपाट दिसतं. शुद्ध सप्तमी-अष्टमीला प्रकाश आणि अंधाराची सीमा मधोमध असते. तिथे टॉलेमियस, अल्फॉन्सस आणि अर्झाखेल ही विवरांची त्रिकूट रांग आणि ॲपेनाइन पर्वताच्या सावल्या साध्या ६० मिमीच्या टेलिस्कोपमधूनही मोबाईलवर उतरतात.

संकष्टीचा चंद्रही सोडू नका. नाहीतरी त्या रात्री घरचे सगळे चंद्रोदयाची वाट बघत गच्चीवर असतात. पौर्णिमेनंतर चौथ्या दिवशी मावळतीची सीमा चंद्राच्या एका कडेवर आलेली असते आणि तिथली विवरं उठून दिसतात. फक्त अर्घ्य दिलं की लगेच फोटो काढायला जाऊ नका. सोवळ्याओवळ्याचा प्रश्न नाही. क्षितिजालगतचा चंद्र शहराच्या धुरा-धुळीतून थरथरतो. तासाभराने वर आला की काढा.

१५. गुरूचे चंद्र आणि शनीची कडी मोबाईलने येतात का?

येतात. गॅलिलिओने जानेवारी १६१० मध्ये पाहिलेले गुरूचे चार चंद्र ट्रायपॉडवरच्या १०×५० मधूनही ठिपक्यांसारखे मिळतात. पण एकाच फोटोत गुरूचे पट्टे आणि चंद्र दोन्ही मागू नका. चंद्रांसाठी उजेड वाढवला की गुरू जळतो, पट्ट्यांसाठी कमी केला की चंद्र गायब. दोन वेगळे फोटो काढा.

शनीला निदान ३०-४० पट मोठेपणा हवा. मार्च २०२५ मध्ये कडी पृथ्वीवरून कडेने दिसत होती, म्हणजे जवळपास नाहीशी. तिथून ती वर्षागणिक उघडत चालली आहे.

ग्रहांचा नुसता फोटो काढू नका, व्हिडिओ काढा. मिनिटभराच्या व्हिडिओत हजाराहून जास्त चौकटी (फ्रेम) असतात. त्यातल्या काही चौकटींच्या क्षणी हवा शांत असते. संगणकावर पीआयपीपीने ग्रह मधोमध आणायचा, ऑटोस्टॅकर्टने चांगल्या चौकटी निवडून एकावर एक रचायच्या, रजिस्टॅक्सने धार काढायची. ही तिन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत. पृथ्वी फिरत असल्याने ग्रह चौकटीतून सरकत जातो. तो एका कडेला ठेवून सोडून द्या, दुसऱ्या कडेला जाईपर्यंतचं चित्रण घ्या, पुन्हा आणा. टेलिस्कोपला ग्रहामागे फिरवणारी मोटर नसली तरी अडत नाही.

१६. तेजोमेघ, आकाशगंगा?

मृग नक्षत्रातला तेजोमेघ येतो, थोडासा. कृत्तिका बायनॉक्युलरमधून सुरेख येतात. बाकीच्यांसाठी लांब एक्सपोजर, म्हणजे शटर बराच वेळ उघडं ठेवणं, लागतं आणि मोटर नसेल तर सेकंदाच्या आतच ताऱ्यांच्या रेघा होतात. शहरातल्या दिव्यांचा चंद्र-ग्रहांना त्रास नाही, तेजोमेघांना आहे. त्यासाठी पेठ, सुरगाण्याच्या बाजूला जा.

१७. सूर्याचा फोटो काढायचाय. अडॅप्टर लावल्यावर डोळा तर लावत नाही, मग धोका काय?

धोका मोबाईलला आहे, दुर्बिणीला आहे आणि तुम्हालाही आहेच. पुढच्या भिंगाने गोळा केलेलं ऊन मोबाईलच्या सेन्सरवर एका जागी पडतं आणि तो जातो. शिवाय जुळवताना ‘जरा बघू’ म्हणून डोळा लावला जातोच. तिथे एक क्षणही पुरतो.

नियम एकच : सूर्यासाठी बनवलेला फिल्टर दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर, वाऱ्याने उडणार नाही असा चिकटपट्टीने पक्का. बायनॉक्युलर असेल तर दोन्ही नळ्यांवर, किंवा एकीवर फिल्टर आणि दुसरीला झाकण. टेलिस्कोपवरची छोटी शोधदुर्बीणही झाकून टाका. जुन्या टेलिस्कोपसोबत आयपीसला लावायची ‘सन’ लिहिलेली काळी काच येते, ती फेकून द्या. उष्णतेने ती तडकते. एक्स-रे फिल्म, धुराची काच, सीडी, काहीही चालत नाही. ग्रहणाचा चष्मा डोळ्यावर लावून दुर्बिणीतून बघणं तर सर्वांत घातक; चष्म्यापर्यंत पोचेतो ऊन एकवटलेलं असतं. मावळतीचा लाल सूर्यही अपवाद नाही.

हे इतकं सविस्तर सांगण्याचं कारण म्हणजे २ ऑगस्ट २०२७. त्या दिवशी दुपार उलटल्यावर आपल्याकडून खंडग्रास सूर्यग्रहण दिसेल, आणि जाहीर तारखांनुसार सिंहस्थाचं पहिलं अमृतस्नानही त्याच अमावास्येला आहे. रामकुंडाच्या परिसरात त्या दिवशी ट्रायपॉड मांडायची कल्पनासुद्धा करू नका. आपली गच्ची बरी. ऑगस्टातल्या ढगांतून सूर्य मध्येच डोकावतो तेव्हा फिल्टर काढायचा मोह होतो. ढग सरकायला वेळ लागत नाही, तेव्हा फिल्टर राहू द्या.

१८. फोटो उलटा येतो. डावीकडचं उजवीकडे दिसतं.

आरशाच्या न्यूटोनियन टेलिस्कोपमध्ये चित्र पूर्ण उलटं असतं, ते मोबाईलवर १८० अंश फिरवा. भिंगाच्या टेलिस्कोपला काटकोनी आरसा लावला असेल तर चित्र सुलटं पण आरशातलं येतं. तिथे फिरवून उपयोग नाही, आडवं पलटवावं लागतं. चंद्राचा नकाशा जुळवताना हा फरक कळीचा. बायनॉक्युलर आणि स्पॉटिंग स्कोपमध्ये हा प्रश्न नसतो.

१९. अडॅप्टर घरी करता येईल का?

येईल, आणि एकाच मोबाईल-आयपीससाठी तो विकतच्यापेक्षा घट्ट बसतो. आयपीसवर जेमतेम सरकेल असा पीव्हीसी पाइपचा कपलर (जोडनळी) हार्डवेअरच्या दुकानातून आणा. जाताना आयपीस सोबत न्या. आत मखमली कापडाची किंवा फोमची पट्टी चिकटवा म्हणजे ओरखडे येणार नाहीत आणि पकडही बसेल. मोबाईलच्या जुन्या कडक कव्हरमध्ये मुख्य कॅमेऱ्याचं भोक असतंच. मोबाईल कव्हरमध्ये घालून, कपलर आयपीसवर चढवून, पडद्यावर गोल मधोमध आणा आणि त्याच स्थितीत पेन्सिलने रेघ मारा. मग मोबाईल काढून हॉट ग्लूने कपलर रेघेवर चिकटवा. कपलरची लांबी थोडी जास्त ठेवा आणि नंतर पॉलिश पेपरवर घासून कमी करा. काळी कड नाहीशी होईपर्यंत. घासून कमी करता येतं, वाढवता येत नाही.

२०. मोबाईल लावला की टेलिस्कोप झुकतो, चंद्र निसटतो.

दोनशे ग्रॅमचा मोबाईल आणि वर अडॅप्टर, एवढं वजन नळीच्या टोकाला आलं की तोल जाणारच. भिंगाचा टेलिस्कोप असेल तर नळी कड्यांमधून थोडी पुढे सरकवा. डॉब्सोनियनचं (पेटीवजा बैठकीवरच्या आरशाच्या टेलिस्कोपचं) आयपीस पुढच्या टोकाला असतं, तिथे मागच्या टोकाला चुंबक किंवा वाळूची छोटी पिशवी लावा. फोकसरची (आयपीस मागे-पुढे करणाऱ्या भागाची) नळी वजनाने आपोआप सरकत असेल तर खालचा स्क्रू किंचित आवळा. हे सगळं मोबाईल बसवल्यानंतर करायचं, आधी नाही.

२१. पावसाळ्यात सामान कसं ठेवावं?

घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलसकट. चामडी किंवा कापडी पिशवीत नाही. ती ओल धरते. इगतपुरी-त्र्यंबककडे राहणाऱ्यांनी तर नक्कीच, तिकडे भिंगावर बुरशी एका मोसमात धरते. अडॅप्टर आयपीसवर आवळलेला ठेवू नका, रबर चिकटतं.

२२. कुठे फोटो काढायला मनाई आहे का? स्कोप बघून पोलिसांनी हटकलं.

नाशिकमध्ये हा प्रश्न खरा आहे. देवळालीचा लष्करी भाग, ओझरचा विमान कारखाना आणि धावपट्टी, नाशिक रोडचे नोट आणि सिक्युरिटी प्रेस, यांच्या दिशेने लांब पल्ल्याचा कॅमेरा रोखणं म्हणजे अडचण ओढवून घेणं. ‘पक्षी बघत होतो’ हे खरं असलं तरी तिथे ऐकून घेतलं जाईलच असं नाही. ओझरच्या आसपास विमानं दिसतात, ती डोळ्यांनी बघा. अभयारण्यात कॅमेऱ्याचं शुल्क आणि नियम प्रवेशद्वारावरच विचारून घ्या. आणि गच्चीवरून समोरच्या इमारतीकडे नळी वळली की शेजाऱ्यांना शंका येतेच. एकदा बोलावून चंद्र दाखवला की पुढे त्रास होत नाही.

२३. माझा मोबाईल चंद्र ओळखून स्वतःच खड्डे ‘भरतो’ असं ऐकलं. मग फोटो खरा कसा म्हणायचा?

काही मोबाईल खरोखरच चंद्र ओळखून त्यावर तपशील चढवतात. दृश्य ओळखून सुधारणा करणारं सेटिंग बंद करा, किंवा प्रो मोडमध्ये रॉ (मोबाईलने न सुधारलेला) फोटो काढा. एक सोपी परीक्षा : पौर्णिमेआधीच्या दोन लागोपाठच्या रात्री प्रकाश-अंधाराच्या सीमेजवळच्या एखाद्या लहान विवराची सावली काढा. खऱ्या फोटोत ती दुसऱ्या रात्री आखूड झालेली दिसते. पक्ष्यांच्या बाबतीत हीच भानगड पिसांमध्ये होते. जास्त धार लावलेल्या फोटोवरून तुतवाराच्या जाती ओळखायला जाऊ नका.

२४. मला चष्मा आहे. फोकस कसा करू?

चष्मा घालूनच, मोबाईलच्या पडद्याकडे बघत. दुर्बिणीला तुमचा नंबर ठाऊक असण्याची गरज उरत नाही.

२५. २०–६०×८० स्पॉटिंग स्कोप आहे. २० वर फोटो झकास, ६० वर काळवंडलेला आणि पिठूळ. स्कोपमध्ये दोष आहे का?

दोष नाही, गणित आहे. २० पटीला प्रकाशाची चकती (प्र. २) ४ मिमी असते, ६० पटीला १.३. मोबाईलच्या मुख्य भिंगाचं तोंड साधारण ३ ते ४ मिमी. म्हणजे २० वर ते तोंड जवळपास पूर्ण भरतं, ६० वर त्याचा छोटा तुकडाच वापरला जातो आणि प्रकाश नऊ पटींपर्यंत घटतो. मोबाईल ती तूट आयएसओ वाढवून भरतो, तोच तो पिठूळपणा. त्यात थरथर आणि हवेचं हलणं (प्र. ९, १०) तिपटीने मोठं दिसतं.

म्हणून फोटोसाठी २० ते ३० च्या दरम्यान राहा आणि नंतर चौकट कापा. ६० पट डोळ्याने ओळख पटवण्यासाठी ठेवा. झूम आयपीसची एक खोड वेगळी सांगायला हवी : मोठेपणा बदलताना काही आयपीसचा वरचा भाग गोल फिरतो आणि त्यावर आवळलेला मोबाईलही फिरतो, चकतीचं अंतरही बदलतं. आधी मोठेपणा ठरवा, मग अडॅप्टर आवळा. आणि ज्या आकड्यावर ठरवलंत तिथे चिकटपट्टीचा तुकडा लावून टाका, नाहीतर मनोऱ्यावर कुणीतरी ‘जरा मोठं करून दाखवा ना’ म्हणत कडं फिरवतोच.